शिलोहाचा बुरूज आणि डोंबिवलीच्या इमारती

बायबलमधील शहाणपण चालू घटनांना आणि रोजच्या व्यवहाराला कसे लावावे, हा प्रश्न ख्रिस्ती समाजातील प्रत्येक पिढी नव्याने विचारते आणि बहुतेक वेळा एक वचन व एक बातमी शेजारी शेजारी ठेवून त्याची वासलात लावते. ही रीत अपुरी पडते, कारण ज्याला एकच पुस्तक समजले जाते ते बायबल मुळात ग्रंथसंग्रह आहे. प्रोटेस्टंट परंपरेत त्यात 66 आणि कॅथलिक परंपरेत 73 पुस्तके येतात आणि त्यांतले निदान तीन प्रवाह माणसाच्या व्यवहाराशी तीन निरनिराळ्या रीतींनी बोलतात. पहिला नियमशास्त्राचा, म्हणजे मोशेच्या नावाशी जोडलेल्या पाच पुस्तकांचा, ज्यात मजुरी, वजनमापे, गहाण, शेताच्या कडेचे पीक अशा बारीकसारीक बाबींचे दंडक आहेत. दुसरा संदेष्ट्यांचा; आमोस, यशया, मीखा यांचे खरे काम राजाला, याजकाला आणि जमीनदाराला तोंडावर जाब विचारण्याचे होते, जरी आज त्यांच्याकडे भविष्य सांगणारे म्हणून पाहिले जाते. तिसरा प्रवाह ज्ञानसाहित्याचा, ज्यात नीतिसूत्रे, उपदेशक आणि ईयोब ही पुस्तके प्रामुख्याने मोडतात. नीतिसूत्रांत उद्योगी माणसाची भरभराट होते असे सांगितले आहे, तर ईयोबाच्या पुस्तकात निर्दोष माणूस सर्वस्व गमावतो आणि त्याच्या पापाचा शोध घेणारे मित्रच अखेरीस देवाच्या रोषाला पात्र ठरतात. दोन्ही पुस्तके एकाच ग्रंथात बांधलेली आहेत, ही गोष्ट वचने तोडून वापरणाऱ्यांना बहुधा अडचणीची वाटते.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या पट्ट्यात हा प्रश्न तपासण्याजोगा आहे, तो येथील ख्रिस्ती लोकसंख्येमुळे नव्हे. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाज एक टक्क्याहून किंचित कमी, म्हणजे सुमारे 10 लाख 80 हजार होता आणि या शहरांतही तो अल्पसंख्यच आहे. परंतु त्याचे थर अनेक आहेत. सहाव्या शतकातील प्रवासी कॉस्मस इंडिकोप्लुस्टेस याने 'कल्लियाना' येथे पर्शियातून नेमलेला बिशप असल्याचे लिहिले असून ते ठिकाण म्हणजे आजचे कल्याण, असे बहुतेक अभ्यासक मानतात. 1321 मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन संन्यासी मारले गेले आणि त्यांचे अवशेष जॉर्डन कातालानी या डॉमिनिकन धर्मगुरूने सोपाऱ्याला नेऊन पुरले. पोर्तुगीज काळातील सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च मासुंदा तलावापाशी आजही उभे आहे, तर सेंट जेम्स चर्चचा अभिषेक बिशप हेबर यांनी 1825 मध्ये केला. घरात मराठीची बोली बोलणारे आणि 'ईस्ट इंडियन' म्हणून ओळखले जाणारे स्थानिक कॅथलिक, अहमदनगरकडून आलेली मराठी प्रोटेस्टंट कुटुंबे, गोव्या-मंगळूरचे कॅथलिक आणि नोकरीधंद्यानिमित्त आलेला मल्याळी समाज असे हे मिश्रण आहे. शेवटच्या समाजासाठी सिरो-मलबार चर्चचा कल्याण धर्मप्रांत 30 एप्रिल 1988 रोजी स्थापन झाला. याखेरीज सदनिकांत किंवा भाड्याच्या सभागृहांत भरणाऱ्या पेंटेकॉस्टल मंडळ्याही येथे आहेत.

वाचनाची शिस्त या थरांनुसार बदलते आणि चालू घटनांच्या संदर्भात हा फरक वरवरचा राहत नाही. लॅटिन परंपरेतील कॅथलिक चर्चमध्ये रविवारची वाचने तीन वर्षांच्या चक्राने आधीच ठरलेली असतात. प्रवचनकाराला आपल्या मताला सोयीचे वचन निवडण्याची मुभा तेथे कमी आणि समोर आलेल्या वचनाला सामोरे जाण्याची सक्ती अधिक. ज्या मंडळ्यांत पाळक स्वतः वचन निवडतो तेथे त्याला कालच्या घटनेवर आज बोलता येते, पण त्याच्या आवडीची दहा-बारा वचने वर्षानुवर्षे फिरत राहण्याचा धोकाही तेथेच असतो. ठरलेल्या वाचनांची बाजू येथे थोडी सरस मानावी लागेल, कारण नको असलेला उतारा वाचायला लावणे हेच त्यांचे मोठे काम आहे. अर्थात, उतारा वाचून झाल्यावर प्रवचनात त्याला शिताफीने बगल देण्याची कलाही जुनीच आहे.

मराठीत या प्रश्नाचा विचार चार शतकांचा आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 1616 मधील ख्रिस्तपुराण हा त्याचा आरंभ मानला जातो, परंतु त्या ग्रंथाचा हेतू बायबलची कथा येथील श्रोत्याच्या कानाला परिचित अशा ओवीत सांगण्याचा होता. समकालीन घटनांवर भाष्य करणे त्याच्या कक्षेत येत नव्हते. ते काम खऱ्या अर्थाने सुरू झाले ते अमेरिकन मराठी मिशनने 1842 मध्ये अहमदनगरहून काढलेल्या ज्ञानोदय या पत्रातून. बातमी, विज्ञान, सुधारणा आणि धर्म एकाच अंकात आणणारे हे पत्र होते. त्यातील धर्मविषयक मजकूर अनेकदा खंडनमंडनाच्या आवेशात लिहिलेला आहे आणि आज तो वाचताना लेखक समोरच्याला समजून घेण्यापेक्षा हरवण्यास उत्सुक असल्याचे जाणवते. तरीही धर्मग्रंथ वाचणाऱ्या माणसाला वर्तमानपत्रही वाचावे लागते, ही सवय मराठी ख्रिस्ती वाचकाला लावण्याचे श्रेय ज्ञानोदयाकडेच जाते. बाबा पदमनजी यांनी 1857 मध्ये यमुनापर्यटन लिहून विधवांच्या स्थितीवर कथेच्या रूपाने भाष्य केले. ख्रिस्ती आणि राष्ट्रीय या दोन वृत्ती परस्परविरोधी नाहीत, हे आयुष्याच्या उत्तरार्धात ज्ञानोदयाच्या मराठी विभागाचे संपादन करणाऱ्या नारायण वामन टिळकांनी दाखवले. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही सामावून घेणारा 'देवाचा दरबार' स्थापन केला.

या परंपरेत सर्वांत धारदार उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. संदेष्ट्यांच्या ग्रंथांत अनाथ, विधवा आणि परका हे त्रिकूट वारंवार येते आणि या तिघांशी राज्यकर्ते कसे वागतात यावर राष्ट्राचे मूल्यमापन होते. रमाबाईंनी हे मूल्यमापन परधर्मीयांना लावण्याआधी ख्रिस्ती म्हणवणाऱ्या सरकारला लावले. 1897 मध्ये पुण्यातील प्लेगच्या काळात सरकारी रुग्णालयात आणि विलगीकरण छावणीत आपल्या आश्रमातील मुलींना मिळालेल्या वागणुकीविरुद्ध त्यांनी बॉम्बे गार्डियन या ख्रिस्ती पत्रात जाहीर पत्र लिहिले आणि त्याचे पडसाद ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेले. त्याआधीच्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी अनेक मुलींना आश्रयास आणले होते आणि केडगावच्या मुक्ती मिशनचा विस्तार त्यातूनच झाला. पुढे त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून संपूर्ण बायबल सामान्य स्त्रीला कळेल अशा मराठीत आणण्याचे काम 1922 मध्ये मृत्यूपूर्वी पुरे केले. वचनाचा वापर आणि वचनाचा अभ्यास ही दोन कामे एकाच व्यक्तीने इतक्या कसोशीने केल्याचे दुसरे उदाहरण मराठीत सापडणे कठीण.

विसाव्या शतकाच्या अखेरीस हा वारसा तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच, वसईत, पुढे आला (पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी वेगळा झाला). सुवार्ता या मासिकाचे दीर्घकाळ संपादक असलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून बांधकाम व्यवसाय, राजकारण आणि गुन्हेगारी यांच्या साटेलोट्याविरुद्ध लोकांना उभे केले. शेताला शेत आणि घराला घर जोडत जाणाऱ्यांवर यशयाने केलेला कोप (यशया 5:8) किंवा जमीन अखेर देवाची असून माणूस तिच्यावर पाहुणा आहे हा लेवीय 25 मधील सिद्धांत वसईच्या वाड्यांत कोणाला समजावून सांगावा लागत नव्हता. दिब्रिटो यांच्या सुबोध बायबलला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि 2020 मध्ये उस्मानाबादच्या 93 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. 2024 मध्ये त्यांचे निधन झाले. वसईला जे साधले ते ठाणे-कल्याण पट्ट्यात त्याच ताकदीने साधलेले दिसत नाही, आणि त्याचे एक कारण उघड आहे: वसईचा ख्रिस्ती शेतकरी आपली जमीन वाचवत होता, तर डोंबिवलीचा ख्रिस्ती बहुतांशी त्या वाढत्या शहरात सदनिका घेणारा होता. ज्या वचनाने वसईत प्रतिकाराला बळ दिले तेच वचन येथे ऐकणाऱ्याला अवघडवून टाकते.

सदनिकांचा हा प्रश्न या पट्ट्यातील सर्वांत मोठा व्यवहारप्रश्न आहे. 4 एप्रिल 2013 रोजी मुंब्र्याजवळ शीळ येथील लकी कंपाउंडमधील बेकायदा इमारत कोसळून 74 जणांचा मृत्यू झाला. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत बनावट बांधकाम परवानग्यांच्या आधारे महारेरा या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाची नोंदणी मिळवून उभ्या राहिलेल्या 65 इमारतींचे प्रकरण न्यायालयात गेले आणि नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचे आदेश दिले. ज्यांनी कर्ज काढून तेथे घरे घेतली त्यांची अवस्था मात्र त्रिशंकूसारखी झाली. अशा प्रसंगी खडकावर आणि वाळूवर बांधलेल्या दोन घरांचा दाखला (मत्तय 7) प्रवचनात चटकन सुचतो, पण तो येथे लागू पडत नाही. त्या दाखल्यात घर बांधणारा आणि त्यात राहणारा एकच आहे आणि आपल्या निवडीचे फळ तोच भोगतो. डोंबिवलीत वाळूवर बांधणारा पैसे घेऊन निघून जातो आणि पूर आला की दुसराच बुडतो. त्यामुळे हा दाखला फसवल्या गेलेल्या ग्राहकालाच मूर्ख ठरवतो.

या प्रश्नाला नेमके भिडणारे वचन नियमशास्त्राच्या एका दुर्लक्षित कोपऱ्यात आहे. नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा बांधावा, अन्यथा तेथून कोणी पडल्यास त्याच्या रक्ताचा दोष घरावर येईल, असा दंडक अनुवाद 22:8 मध्ये आहे. प्राचीन इस्राएलात सपाट धाब्यावर लोक बसत, झोपत, धान्य वाळवत, हे लक्षात घेतले की या नियमाचा रोख स्पष्ट होतो: पडणाऱ्याने सांभाळून चालावे असे तो म्हणत नाही, अपघात होण्यापूर्वीच बांधणाऱ्याला जबाबदार धरतो आणि अपघाताला दैव म्हणण्याची पळवाट बंद करतो. अग्निशमनाची सोय, वापराचा दाखला, धोकादायक इमारतीची संरचनात्मक तपासणी या गृहनिर्माण संस्थेच्या सभेत कंटाळवाण्या वाटणाऱ्या बाबी या दृष्टीने धार्मिक कर्तव्यात मोडतात. 23 मे 2024 रोजी डोंबिवली एमआयडीसीतील रासायनिक कारखान्यात झालेला जीवघेणा स्फोट, आणि त्याआधी मे 2016 मध्ये याच वसाहतीत झालेला तसाच स्फोट, यांनाही हाच नियम लागू होतो.

दुर्घटनेचा अर्थ लावण्याचा प्रश्न मात्र याहून निसरडा आहे, आणि त्यासाठी लूक 13 च्या आरंभीचा उतारा सर्व चर्चेचा कणा ठरावा. पिलाताने यज्ञ करणाऱ्या गालीलकरांची कत्तल केल्याची बातमी लोक येशूला सांगतात. तो स्वतःहून तीत दुसऱ्या बातमीची भर घालतो, ती म्हणजे शिलोह येथील बुरूज कोसळून अठरा माणसे ठार झाल्याची. एक घटना राज्यसत्तेच्या क्रौर्याची, दुसरी बांधकाम कोसळल्याची. मेलेले लोक इतरांपेक्षा अधिक पापी होते काय, असा प्रश्न करून तो स्वतःच नकारार्थी उत्तर देतो आणि लगेच ऐकणाऱ्यांना पश्चात्ताप करण्यास बजावतो. मृतांच्या पापाचा हिशेब मांडण्यास येथे मनाई आहे, पण घटनेकडे निर्विकारपणे पाहण्याचीही सवलत नाही. बातमीचे बोट बळीकडून वाचकाकडे वळते. भूकंप, महासाथ, युद्ध आले की प्रकटीकरणाच्या पुस्तकातील शिक्के आणि कर्णे मोजून अंतकाळाचे वेळापत्रक काढणारी जी भाषणे मोबाइलवर फिरतात, त्यांचा सर्वांत सोपा प्रतिवाद या उताऱ्यात आहे. ते पुस्तक रोमन साम्राज्याच्या छळाखालील मंडळ्यांना धीर देण्यासाठी लिहिले गेले होते आणि आजच्या युद्धनकाशाची किल्ली म्हणून ते वाचणे म्हणजे त्याच्या पहिल्या वाचकांना विसरणे होय.

रेल्वेचा प्रश्न या शहरांच्या रोजच्या जगण्याचा गाभा आहे. 9 जून 2025 रोजी सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन गाड्या शेजारून जात असताना दारात लोंबकळणारे प्रवासी एकमेकांवर आदळून रुळांवर पडले आणि त्यांतील काही मृत्युमुखी पडले. त्यानंतर पाचच आठवड्यांनी, 13 जुलैच्या रविवारी, लॅटिन परंपरेच्या चर्चमध्ये ठरलेल्या क्रमाने दयाळू शोमरोन्याचा दाखला (लूक 10) वाचला जायचा होता. यरुशलेमहून यरीहोकडे जाणाऱ्या वाटेवर लुटून अर्धमेला टाकलेल्या माणसाला याजक आणि लेवी टाळून जातात आणि यहुद्यांनी हीन लेखलेला शोमरोनी त्याला उचलून धर्मशाळेत नेतो, एवढी ही कथा. भारतीय कायद्यातही तिचा ठसा आहे: अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला पोलीस व रुग्णालयाच्या जाचातून संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक तत्त्वांना सर्वोच्च न्यायालयाने 30 मार्च 2016 रोजी बंधनकारक रूप दिले आणि 2019 च्या मोटार वाहन दुरुस्तीने कलम 134 अ घालून 'गुड समॅरिटन' हा शब्दप्रयोगच कायद्यात आणला. रस्त्यासाठीचे हे संरक्षण मध्य रेल्वेच्या प्रवाशाला ठाऊक असणे उपयोगाचे आहेच. पण दाखला तेथेच थांबवला की तो अपुरा राहतो. मार्टिन ल्यूथर किंग यांनी एप्रिल 1967 मध्ये न्यूयॉर्कमधील भाषणात म्हटले होते की जखमींना उचलणे ही केवळ सुरुवात आहे, पुढे यरीहोची वाटच बदलावी लागेल. दिवा आणि मुंब्रा या स्थानकांदरम्यानच्या वाटेलाही हे लागू आहे. फेऱ्या, डब्यांची रचना, कार्यालयांच्या वेळा हे शोमरोन्याच्या तेलाइतकेच दयेचे विषय आहेत.

कॅथलिक सामाजिक शिकवणीने या दुसऱ्या पायरीसाठी एक पद्धत दिली आहे. बेल्जियन धर्मगुरू जोसेफ कार्डाइन यांनी तरुण कामगारांत रुजवलेली 'पाहा, पारखा, कृती करा' ही त्रिसूत्री पोप तेविसावे जॉन यांनी 1961 च्या परिपत्रकात स्वीकारली. तिचा मुख्य गुण असा की वचनाआधी परिस्थितीची माहिती गोळा करावी लागते. ज्याला नाक्यावरच्या मजुराची रोजंदारी ठाऊक नाही त्याने द्राक्षमळ्यातील मजुरांच्या दाखल्यावर (मत्तय 20) बोलू नये, असा तिचा अर्थ घेतल्यास प्रवचनांची संख्या घटेल खरी, पण त्यांचा कस वाढेल. त्या दाखल्यातील संध्याकाळपर्यंत बाजारात उभी राहिलेली माणसे ठाण्या-कल्याणच्या मजूर नाक्यांवर रोज सकाळी दिसतात. मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी (अनुवाद 24:15) हा नियम आणि अडवलेली मजुरीच ओरडते असे सांगणारा याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय हे दोन्ही मालकाला उद्देशून आहेत, आणि मध्यमवर्गीय ख्रिस्ती कुटुंब स्वतःला सहसा मालक समजत नाही. तथापि ज्या घरात भांडी घासायला बाई येते ते घर मालकाचेच होय. शब्बाथाची, म्हणजे साप्ताहिक विसाव्याची, आज्ञा पाठ असणाऱ्यांनी तिचा उत्तरार्ध वाचावा. अनुवाद 5:14 मध्ये दासाला आणि दासीलाही मालकासारखाच विसावा मिळावा असे स्पष्ट सांगितले आहे. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा 2008 मध्ये आला, पण रविवारची पगारी सुट्टी देण्यास कोणत्याही मंडळाची वाट पाहावी लागत नाही.

कर्जाबाबत ज्ञानसाहित्य रोखठोक आहे. कर्जदार हा सावकाराचा दास होतो (नीतिसूत्रे 22:7) आणि दुसऱ्याला जामीन राहून अडकलेल्याने झोप न घेता सुटका करून घ्यावी (6:1-5), हे सल्ले वीस वर्षांच्या हप्त्यांवर घर घेणाऱ्याला आणि भावकीच्या आग्रहाने सही करणाऱ्याला आजही तंतोतंत लागू आहेत. धोका आहे तो नीतिसूत्रांना हमीपत्र समजण्यात. ती अनुभवातून निघालेली सर्वसाधारण निरीक्षणे आहेत. श्रद्धेने दान दिले की बढती आणि सदनिका मिळणारच, असे सांगणारी समृद्धीची शिकवण त्यांचे रूपांतर करारात करते आणि नोकरी गेलेल्या माणसाला ईयोबाच्या मित्रांच्या हवाली करते.

सत्तेविषयी बोलताना अशीच निवड चालते. अधिकाऱ्यांच्या अधीन राहावे असे सांगणारा रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय आणि माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानावी असे ठणकावणारा प्रेषितांच्या कृत्यांचा पाचवा अध्याय, यांपैकी कोणता उद्धृत होतो हे पुष्कळदा बोलणारा सत्तेच्या कोणत्या बाजूला उभा आहे यावर ठरते. अल्पसंख्य समाजाला पहिला अध्याय सुरक्षित वाटणे स्वाभाविक आहे; रमाबाई आणि दिब्रिटो यांनी दुसऱ्याची किंमत मोजली.

या पट्ट्यातील चर्चेत सर्वांत कमी बोलला जाणारा विषय जातीचा आहे. मराठी प्रोटेस्टंट समाजाचा मोठा भाग अहमदनगर परिसरातील महार आणि मांग कुटुंबांतून आलेला आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले, दलित ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. या मागणीच्या विचारासाठी केंद्र सरकारने 2022 मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. मागणी न्याय्य आहे आणि तिच्या समर्थनार्थ ख्रिस्तात सर्व एकच आहेत हे पौलाचे वचन (गलतीकर 3:28) वारंवार पुढे केले जाते. परंतु सरकारपुढे ठेवण्यासाठी त्याहून अधिक उपयोगी पुरावा याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे, ज्यात सोन्याची अंगठी घातलेल्याला सभेत मानाची जागा आणि मळक्या कपड्यांतल्या गरिबाला पायाशी जागा देणाऱ्या मंडळीलाच दोषी धरले आहे, म्हणजेच भेदभाव मंडळीतही चालतो हे मान्य केले आहे. आयोग सरकारला काय शिफारस करील हा एक प्रश्न आहे. एकाच रेल्वे स्थानकाच्या दोन बाजूंना भरणाऱ्या दोन मंडळ्यांत एकमेकांच्या मुलांची स्थळे किती वेळा सुचवली जातात, कारभारी समितीत कोणाची आडनावे पिढ्यान्‌पिढ्या येतात आणि स्मशानभूमीतील जागेचे वाटप कोण करते, हा दुसरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी दिल्लीला जावे लागत नाही.